विषाणू सापडला, दोष सिद्ध व्हायला सात वर्षं : नॉर्वेतल्या सॅल्मनच्या हृदयरोगाचं प्रकरण

पार्श्वभूमी

अटलांटिक सॅल्मनची शेती दोन पाण्यांत होते. अंड्यापासून बोटुकलीपर्यंतचा काळ गोड्या पाण्यातल्या हॅचरीत जातो. अंगावर चंदेरी झाक आली आणि खारं पाणी सोसण्याची ताकद आली की मासे समुद्रातल्या जाळीच्या पिंजऱ्यांत सोडतात. (आपल्याकडे ‘इंडियन सॅल्मन’ म्हणून विकला जाणारा रावस वेगळ्याच कुळातला मासा आहे. या प्रकरणाशी त्याचा काही संबंध नाही.)

१९९९ साली नॉर्वेतल्या एका सॅल्मन शेतीत एक अनोळखी आजार नोंदला गेला. ती शेती कोणाची हे आपल्या दृष्टीने महत्त्वाचं नाही, कारण पुढच्या दहा-अकरा वर्षांत हाच आजार नॉर्वेतल्या ४१७ शेतींवर दिसला आणि ब्रिटनमध्येही पोचला. मासे समुद्रात सोडल्यावर साधारण पाच ते नऊ महिन्यांनी तो डोकं वर काढायचा. मासे खाद्य कमी करत, पोहणं बिघडे, आणि काही आठवडे मरतूक चालू राही.

मरतुकीचा आकडा फसवा होता. कुठे अगदी थोडी, कुठे २० टक्क्यांपर्यंत. पण त्याच पिंजऱ्यातले वरून धडधाकट दिसणारे मासे कापून पाहिले, तर जवळपास सगळ्यांच्या हृदयात बिघाड सापडत होता. म्हणजे मेलेले मासे मोजून आजाराची व्याप्ती कळणार नव्हती.

माशाचं पोट उघडल्यावर फिकट, लिबलिबीत हृदय, कधी हृदयाच्या आवरणात साकळलेलं रक्त, पोटात पाणी, पिवळट यकृत, सुजलेली प्लीहा, आतड्याभोवतीच्या चरबीवर टाचणीच्या टोकाएवढे रक्ताचे ठिपके. हे सगळं रक्ताभिसरण कोलमडल्याचं लक्षण. ते का कोलमडलं, हे त्यातून कळत नाही. खरी ओळख पटली ती सूक्ष्मदर्शकाखाली. हृदयाच्या बाहेरच्या अस्तरावर दाहपेशींचा थर, तिथून त्या पेशी आत घुसलेल्या, जवळच्या भागातल्या स्नायूंच्या तंतूंवरचे आडवे पट्टे पुसले गेलेले. आणि बगलेच्या बाजूने शेपटीपर्यंत जाणारा जो लाल स्नायू मासा सतत पोहण्यासाठी वापरतो, त्यातही तसाच दाह. पांढरा स्नायू, म्हणजे आपण खातो तो मांसाचा मोठा भाग, बहुतेक वेळा शाबूत.

या खुणांवरूनच आजाराचं नाव पडलं : हृदय आणि कंकाल-स्नायूंचा दाह. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला एचएसएमआय म्हणतात.

पहिला निर्णय : हा नवा आजार आहे का?

सॅल्मनच्या हृदयाला इजा करणारे दोन आजार नॉर्वेत आधीच ठाऊक होते. एक पॅन्क्रियाज डिसीज. त्यात हृदय आणि स्नायू बिघडतातच, पण त्याआधी स्वादुपिंडाचा पाचकरस बनवणारा भाग नष्ट होतो. दुसरा कार्डिओमायोपथी सिंड्रोम. त्यात अलिंद आणि निलयाचा आतला स्पंजासारखा भाग मुख्यतः मार खातो, लाल स्नायू सहसा सुटतो. आणि तो बरेचदा विक्रीच्या वजनाला आलेल्या मोठ्या माशांवर येतो, त्यामुळे शेतकऱ्याच्या खिशाला जास्त लागतो.

नव्या आजारात स्वादुपिंड ठीक होतं, निलयाचा स्पंजासारखा आणि बाहेरचा घट्ट असे दोन्ही थर बिघडलेले होते, आणि लाल स्नायूही. ओळखीच्या दोन नावांपैकी एक चिकटवून फाइल बंद करणं सोपं होतं, आणि एखाद्या गर्दीच्या प्रयोगशाळेत ते झालंही असतं. नॉर्वेच्या पशुवैद्यक संस्थेतल्या विकृतितज्ज्ञांनी स्वादुपिंडाचा काप प्रत्येक वेळी पाहिला, म्हणून हा फरक टिकला. २००४ साली त्यांनी या आजाराचं सविस्तर वर्णन छापलं. माझ्या मते अख्ख्या प्रकरणात सगळ्यात कमी कौतुक झालेलं काम हेच. आजाराची व्याख्या पक्की नसती, तर पुढे ‘आजारी’ मासे म्हणून तीन वेगवेगळ्या रोगांचे नमुने एकत्र मिसळले असते आणि कुठलाही विषाणू निर्विवादपणे पुढे आला नसता.

दुसरा निर्णय : हा संसर्ग आहे का?

खाद्यात काही कमी आहे, विषबाधा आहे, जलद वाढीसाठी निवडलेल्या जातीचं हृदयच कमकुवत आहे, असे पर्याय उघडे होते. त्याच वर्षी प्रयोग झाला. आजारी माशांच्या ऊतींचा अर्क निरोगी माशांना टोचला, आणि त्यांच्याच टाकीत न टोचलेले मासे ठेवले. काही आठवड्यांनी टोचलेल्यांच्या हृदयात तेच बदल दिसले, पुढे टाकीतल्या सोबत्यांतही. सोबती आजारी पडले, तिथे खाद्य आणि जातीचा मुद्दा मागे पडला. काहीतरी एका माशातून दुसऱ्यात जात होतं.

तिसरा निर्णय : शोधायचं कसं?

विषाणू पकडायची रुळलेली वाट म्हणजे पेशीसंवर्धन. माशांच्या पेशी बाटलीत वाढवायच्या, त्यावर आजारी ऊतीचा अर्क टाकायचा आणि पेशी मरतात का ते पाहायचं. इथे ही वाट दोनदा दगा देऊन गेली. खरा गुन्हेगार कुठल्याही उपलब्ध पेशींमध्ये नीट वाढेना. आणि जो वाढला, तो भलताच. एचएसएमआय झालेल्या माशांतून एक कॅलिसिव्हायरस बाटलीत वाढवता आला. त्याचं वर्णन २०१४ मध्ये छापलं गेलं, तो माशाच्या सगळ्या शरीरात पसरतोही. पण या आजाराचं कारण म्हणून तो टिकला नाही. बाटलीत वाढतो तोच हाताशी लागतो, म्हणून तोच दोषी वाटतो; रोगनिदानात या मोहाला बळी पडलेल्यांची यादी मोठी आहे.

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक ही दुसरी वाट. २००६ मध्ये आजारी माशांत विषाणूसारखे कण दिसल्याची नोंद झाली. पण कण दिसणं आणि त्याचं कूळ कळणं यात अंतर होतं.

तिसरी वाट तेव्हा नवी आणि महाग होती : आजारी ऊतीतला सगळा आरएनए काढायचा, त्याचे तुकडे न निवडता वाचायचे आणि माशाचे नसलेले तुकडे वेगळे करायचे. यात आधीच कुठल्या विषाणूवर संशय धरावा लागत नाही. धोका वेगळा आहे. ऊतीतला बहुतेक आरएनए माशाचाच असतो. त्यात सॅल्मनचा जनुकसंच तेव्हा पूर्ण वाचलेला नव्हता, त्यामुळे ‘माशाचे नसलेले’ हे ठरवणंही सोपं नव्हतं.

प्रत्यक्ष काय केलं

नॉर्वेच्या गटाने न्यू यॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या इयान लिपकिन यांच्या प्रयोगशाळेशी हात मिळवले. नमुना निवडताना त्यांनी एक शहाणपणाचं काम केलं. शेतीतून आणलेल्या माशात दहा प्रकारचे जंतू असू शकतात. त्यांनी प्रयोगशाळेत, नियंत्रित टाकीत आजारी पाडलेल्या माशांचं हृदय वाचायला घेतलं.

लाखभर तुकडे हाती आले. ज्ञात विषाणूंच्या यादीशी ते जुळवून पाहिले, तर नेहमीच्या पद्धतीने जुळणी जवळजवळ शून्य. विषाणू फारच वेगळा असेल तर हेच होतं. यादीत त्याचा जवळचा नातलगच नसतो. मग त्यांनी तुकड्यांतल्या अक्षरांच्या वारंवारितेकडे पाहणारी संगणकीय पद्धत लावली. बोलणारा काय म्हणतो ते कळलं नाही तरी नुसत्या हेलावरून तो मालवणचा की वऱ्हाडातला हे ओळखावं, तसं हे. काही तुकड्यांचा ‘हेल’ रिओव्हायरस कुळाचा निघाला. त्या धाग्याने दोन पदरी आरएनएचे दहाही खंड जुळवले गेले. विषाणूला पिसाइन रिओव्हायरस, थोडक्यात पीआरव्ही, असं नाव मिळालं.

मग आरटी-पीसीआरची चाचणी बनवून पडताळणी. तीन प्रादुर्भावांतल्या २९ आजारी नमुन्यांपैकी २८ मध्ये विषाणू सापडला. निरोगी शेतींतल्या १० माशांत एकातही नाही. नऊ नद्यांमधल्या ६६ जंगली सॅल्मनच्या नमुन्यांतही चाचणी झाली. तिथे सुमारे चौथ्या हिश्श्यात तो होता, पण मात्रा कमी.

शोधनिबंध २०१० मध्ये आला. लेखकांनी शीर्षकात ‘संबंध’ असा शब्द वापरला, ‘कारण’ नाही. पेशीसंवर्धनात विषाणू वेगळा करून कॉखच्या कसोट्या (अमुक जंतू हेच रोगाचं कारण, हे सिद्ध करण्याच्या पायऱ्या) पूर्ण कराव्या लागतील, किंवा लस वा औषधाने आजार टळतो हे दाखवावं लागेल, असं त्यांनी स्पष्ट लिहिलं. त्याच दमात, कार्यकारणसंबंध शक्य वाटतो म्हणून नियंत्रणाचे उपाय आत्ताच करा, असंही लिहिलं. बातम्यांमध्ये मात्र ‘कारण सापडलं’ असंच पोचलं.

नवी अडचण : विषाणू सगळीकडेच

चाचणी हातात आल्यावर जगभर लोक शोधू लागले आणि पीआरव्ही जिकडेतिकडे सापडू लागला. समुद्रातल्या शेतीचे बहुसंख्य मासे पॉझिटिव्ह, त्यांत ठणठणीत मासेही. कार्डिओमायोपथी सिंड्रोमच्या माशांतही तो होता, आणि त्या आजाराचं कारण म्हणून पुढे टोटिव्हायरससारखा एक निराळा विषाणू पुढे आला. एकदा लागण झाली की हा विषाणू शरीरात बराच काळ राहतो, त्यामुळे चाचणी पॉझिटिव्ह आली याचा अर्थ मासा आज आजारी आहे, असा होत नाही.

शंका घेणाऱ्यांचा प्रश्न रास्त होता. जो विषाणू निरोगी माशांतही आहे, तो रोगाचं कारण कसा? की तो नुसता प्रवासी? उत्तर शोधायचे तीन मार्ग होते. अनुकूल पेशी मिळेपर्यंत थांबायचं. त्याला किती वर्षं लागतील हे कोणी सांगू शकत नव्हतं. किंवा शेतींवरची आकडेवारी वाढवत न्यायची. पण सगळेच पॉझिटिव्ह असताना तुलना कोणाशी करणार? किंवा पेशींची बाटली विसरून माशालाच बाटली म्हणून वापरायचं.

तिसऱ्या मार्गासाठी आधी एक गोष्ट कळायला हवी होती : विषाणू माशात नेमका कुठे वाढतो? हृदयात इजा दिसते म्हणून सगळे हृदयात पाहत होते, आणि २०१२ मध्ये हृदयाच्या स्नायूपेशींत तो रंगवून दाखवलाही गेला. पण मात्रेचा हिशेब जुळत नव्हता. इजा दिसण्याच्या कितीतरी आधी रक्तात तो भरमसाट असायचा. २०१४ मध्ये ओस्लोच्या गटाने दाखवलं की त्याचं मुख्य घर तांबड्या रक्तपेशी. आपल्या तांबड्या पेशीत केंद्रक नसतं, त्यामुळे तिथे विषाणूला फारसं काही करता येत नाही. माशाच्या तांबड्या पेशीत केंद्रकही असतं आणि प्रथिनं बनवायची यंत्रणाही. संसर्ग ऐन भरात असताना निम्म्याहून अधिक तांबड्या पेशी बाधित निघाल्या आणि पेशीद्रवात विषाणूचे कारखाने म्हणावेत असे गोल पुंजके दिसले.

या प्रकरणाला खरी कलाटणी इथे मिळाली. रक्त काढता येतं, त्यातल्या पेशी वेगळ्या करता येतात, आणि त्यात विषाणू ठासून भरलेला असतो.

२०१७ चा प्रयोग त्यावरच उभा राहिला. सॅल्मनमध्ये विषाणू वाढवला, संसर्ग शिगेला असताना रक्त काढलं, रक्तपेशींतून कण वेगळे करून शुद्ध केले. शुद्धता तीन वेगवेगळ्या पद्धतींनी तपासली : इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक, प्रथिनांची वेस्टर्न ब्लॉट चाचणी आणि पुन्हा एकदा सगळे जनुकीय तुकडे वाचून. शेवटची तपासणी महत्त्वाची होती, कारण ‘सोबत दुसरा जंतू होता’ हा आक्षेप तिने निकालात काढला. हे शुद्ध कण निरोगी सॅल्मनना टोचले. विषाणू वाढला, न टोचलेल्या सोबत्यांत पसरला, हृदयात एचएसएमआयचे बदल दिसले आणि इजेच्या जागीच विषाणू रंगवून दाखवता आला. जास्त मात्रा दिलेल्या माशांत संसर्ग आणि इजा दोन्ही लवकर आले. पेशीसंवर्धनाशिवाय कॉखच्या कसोट्यांचं मर्म पूर्ण झालं होतं.

काय निष्पन्न झालं

प्रशासन विज्ञानासाठी थांबलं नव्हतं. नॉर्वेने २०१४ मध्येच एचएसएमआय सक्तीने कळवण्याच्या आजारांच्या यादीतून काढला होता. विषाणू सर्वत्र आहे, तर यादीत ठेवून नियंत्रण काय करणार, हा विचार व्यवहाराला धरून होता. पण त्यामुळे, कारण सिद्ध झालं त्या वर्षी प्रादुर्भावांची पूर्ण अधिकृत मोजणी राहिलेली नव्हती. व्यवहार्य निर्णय असला तरी मला तो घाईचा वाटतो. उपाय सक्तीचे नसले तरी नोंद सक्तीची ठेवता आली असती.

शेतीवरचे उपाय साधे राहिले. या माशांचं हृदय कमजोर असतं, पाण्यात प्राणवायू कमी झाला तर ते निरोगी माशांइतका तग धरत नाहीत. म्हणून प्रादुर्भावाच्या काळात मासे हाताळणं, वर्गवारी करणं, समुद्री उवा काढण्यासाठी एकत्र दाटवणं टाळायचं. दाह कमी करणारं खास खाद्य प्रयोगांत उपयोगी ठरलं. निष्क्रिय विषाणूच्या लशीने प्रयोगात अंशतः संरक्षण दिलं.

कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर हेच प्रकरण कोर्टात गेलं. तिथे शेतीच्या सॅल्मनमध्ये पीआरव्ही होता, आणि जंगली पॅसिफिक सॅल्मनला धोका आहे का यावर कडाक्याचा वाद पेटला. २०१६ मध्ये तिथला विषाणू अटलांटिक सॅल्मनला टोचून पाहिला, तर तो पसरला पण एचएसएमआय झाला नाही. २०१७ मध्ये दुसऱ्या गटाने ब्रिटिश कोलंबियातल्याच एका शेतीवर एचएसएमआय नोंदवला. दोन्ही बाजूंना आपापला निबंध मिळाला. २०१९ च्या फेब्रुवारीत फेडरल कोर्टाने, मासे समुद्रात सोडण्यापूर्वी पीआरव्हीची चाचणी न करण्याचं मत्स्य खात्याचं धोरण रद्द ठरवलं.

या विसंगतीचा मोठा भाग २०२० मध्ये सुटला. वेगवेगळ्या ठिकाणचे, वेगवेगळ्या काळातले विषाणू एकाच प्रयोगात शेजारी ठेवून पाहिले. नॉर्वेतले अलीकडचे काही विषाणू हृदय बिघडवण्यात जोरदार निघाले. कॅनडातला नमुना आणि नॉर्वेतलाच १९८८ चा जुना नमुना सौम्य. म्हणजे विषाणू नॉर्वेत आजाराच्या निदान ११ वर्षं आधीपासून होता, पुढे त्याच्या काही जनुकीय खंडांत बदल झाले आणि मग आजार आला. ‘विषाणू आहे का’ या चाचणीचं उत्तर दोन्हींना एकच येतं.

वेगळं काय करता आलं असतं

पहिली गोष्ट नियंत्रण गटाची. २०१० च्या निबंधातले १० निरोगी मासे शोध जाहीर करायला पुरेसे होते, धोरण ठरवायला नव्हते. निरोगी शेतींतल्या शंभरेक माशांवर चाचणी झाली असती, तर विषाणूचा सर्वत्र वावर पहिल्याच वर्षी कळला असता आणि वाद चार वर्षं आधी योग्य प्रश्नावर आला असता.

दुसरी, रक्त. तांबड्या पेशींत पुंजके असणारा सॅल्मनचा एक आजार जपानमध्ये कोहो सॅल्मनमध्ये दशकांपासून ठाऊक होता. त्याचा विषाणू पुढे पीआरव्हीचाच भाऊ निघाला. नॉर्वेतल्या आजारात रक्ताचा साधा स्लाइड कोणी सुरुवातीला चिकाटीने पाहिला असता तर? हे मागे वळून म्हणणं सोपं आहे, हे मान्य. हृदयरोगात हृदयच कापलं जाणार. तरीही नमुन्यांच्या यादीत रक्त असायला खर्च फार येत नाही.

तिसरी, साठवण. १९८८ चा नमुना कोणीतरी गोठवून जपला होता म्हणून ‘विषाणू आधी, आजार नंतर’ हे कळलं. तेव्हा तो जपणाऱ्याला याचा उपयोग ठाऊक असणं शक्य नव्हतं.

आपल्याकडे जलाशयांतल्या पिंजऱ्यांत तिलापिया वाढवणाऱ्यांसाठी लिपकिन यांच्याच प्रयोगशाळेचं दुसरं प्रकरण जास्त जवळचं आहे. तिलापिया लेक व्हायरस इस्रायलमध्ये सापडला आणि २०१८ मध्ये भारतातूनही नोंदला गेला. तिथे अडचण उलटी होती : विषाणू पेशींत वाढला, पण त्याच्या दहा खंडांपैकी फक्त एकाचं ज्ञात विषाणूंशी पुसटसं साम्य निघालं. अशी मरतूक दिसली तर प्रयोगशाळेला पाठवायचे मासे मेलेले नकोत, मरायला टेकलेले हवेत. हृदय, यकृत, मेंदू आणि रक्त प्रत्येकी दोन भागांत घ्यावं, एक फॉर्मालिनमध्ये, एक आरएनए टिकवणाऱ्या द्रावणात. आणि शेजारच्या, मरतूक नसलेल्या पिंजऱ्यातले तेवढेच मासे तशाच पद्धतीने, वेगळं लेबल लावून. हा शेवटचा डबा बहुतेक वेळा पाठवला जात नाही. मासा तसाच बर्फात टाकून दोन दिवसांनी पोचवला, तर सूक्ष्मदर्शकाखाली कुजण्याशिवाय फारसं काही दिसत नाही.